लेकराले खिडकी द्या

शमुवेलकाकांना मी सांगितलेला नियम कुठल्याही पुस्तकात नाही. कधीच नव्हता. तो मी चर्चच्या शाळेच्या ओट्यावर, उन्हात उभ्या उभ्या, घाम पुसता पुसता तयार केला आणि एका भल्या माणसाने तो खरा मानला. नुसता मानला असता तर एव्हाना मी कदाचित विसरलोही असतो. पण त्यांनी तो माझ्या नावानिशी गावभर सांगितला, आणि माझी बाजू घेऊन लोकांशी भांडले. त्यामुळे विसरायची सोय राहिली नाही.

हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी त्यांच्याबद्दल बरंच गमतीचं सांगणार आहे, आणि ते वाचून मी त्यांचा मोठा स्नेही होतो असा कोणाचा समज होऊ नये.

गावातल्या जुन्या माणसांना ते कंडक्टर म्हणून आठवतात. शेलूबाजारहून मानोऱ्याकडे येणाऱ्या एसटीत त्यांचं राज्य होतं आणि त्या राज्यात एकच कायदा होता. गाडीत लहान मूल चढलं की ते तिकिटाचा चिमटा दांड्यावर टकटक वाजवायचे आणि मागच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणायचे, "लेकराले खिडकी द्या!"

मग खिडकीशी बसलेल्या कोणाला तरी उठावंच लागायचं. मी इथे ग्रामसेवक म्हणून नवा रुजू झालो होतो तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे ग्रामसेवकाला सचिव म्हणतात. कामाच्या पहिल्याच दिवशी, नवा शर्ट घालून, खिडकीची जागा पकडून मी निघालो होतो. वाटेत एक बाई कडेवर पोरगं घेऊन चढली. चिमटा माझ्या डोक्याशी वाजला.

"उठा जी."

"मी आधी बसलोय," मी म्हणालो.

"तुमी आदी बसले, ते खरं. पन तुमी बाहीर काय पाह्यता? तुमी तं झोपून राह्यले. ते लेकरू कधीची मान वर करून राह्यलं."

मी उठलो. गाडीतली माणसं हसली. माझ्या जागी ते पोरगं बसलं आणि दोन मिनिटांत झोपी गेलं. मी काकांकडे पाहिलं. ते जराही ओशाळले नाहीत. म्हणाले, "झोपू द्या. जागं होईन तवा पाहीन."

एकदा त्यांनी वर्दीतल्या हवालदाराला उठवलं होतं. एकदा एका नवरदेवाला, मुंडावळ्यांसकट. आणि एकदा एका पोराला खिडकी नकोच होती. आईच्या मांडीवरून उतरायचं नाही म्हणून त्याने भोकाड पसरलं. काकांनी आईलाच उठवून खिडकीशी बसवलं. पुढच्या वळणावर पोराला ओकारी झाली ती थेट बाहेर. काका वळून गाडीला म्हणाले, "पाह्यलं? कामी आली न खिडकी?"

तक्रारी झाल्या. डेपोतल्या साहेबांनी बोलावून विचारलं की हे कोणत्या नियमात बसतं. काका म्हणाले, "नियमात नाई साहेब. पन नियमाच्या आड येते असं बी कुठी लिहून नाई. तुमी लिहा, मी बंद करतो." साहेबांनी काही लिहिलं नाही. हा किस्सा काका स्वतःच सांगायचे, आणि शेवटी न चुकता म्हणायचे, "लिहिलं असतं तं मी एका शब्दानं बोललो नसतो. नियम म्हंजे नियम." मी तो किस्सा किती तरी वेळा हसून ऐकला. त्यातलं शेवटचं वाक्य नीट ऐकलं नाही.

निवृत्त झाल्यावर गाडी गेली, चिमटा गेला, पण कायदा राहिला. त्यांची बायको आधीच गेली होती आणि मुलगी नागपूरला नर्स. दिवसभराचा माणूस रिकामा झाला. मग चर्चच्या शाळेने त्यांना बांधकाम समितीवर घेतलं. समितीवर आणखीही माणसं होती, पण ती काकांना कंटाळून हळूहळू घरी बसली.

काकांनी तिथे नवीनच सुरू केलं. कुठल्याही खोलीत शिरले की ते आधी खाली बसायचे. फतकल मारून, जमिनीवर. आणि मान वर करून चारी बाजूंनी पाहायचे. "लेकराले इथून काय दिसते, ते पाहून राह्यलो," असं त्यांचं म्हणणं. शाळेत करायचे ते ठीक. पण ते बँकेत करायचे, दवाखान्यात करायचे, लग्नाच्या मांडवात करायचे. पहिल्यांदा माझ्या घरी आले तेव्हा मी खुर्ची पुढे केली तर ते खुर्चीच्या शेजारी खाली बसले आणि टेबलाखाली वाकून माझ्या बायकोला म्हणाले, "ताई, इथं कोनीतरी चुइंगम चिकटवून ठेवलं हाय. लय जुनं दिसते." ते आमच्या मुलाचं होतं. तो आता पुण्याला नोकरी करतो. बायकोने रात्री फोन करून त्याला झापलं आणि मग बराच वेळ त्याच्याशी बोलत बसली.

त्यांच्या स्वतःच्या घरात खुर्च्यांचे पाय कापलेले होते. शाळेतली पोरं खेळायला येतात, त्यांचे पाय लोंबकळतात, म्हणून. मोठा माणूस बसला की गुडघे छातीशी यायचे आणि उठताना कोणी तरी हात द्यावा लागायचा. "हात मांगाले काय लाजता?" काका म्हणायचे आणि स्वतः हात द्यायचे.

ते दर वेळी बरोबर असत असं मुळीच नाही. बालवर्गाच्या दाराची कडी त्यांनी पोरांच्या हाताला येईल अशी खाली बसवली. पोरांनी ती पहिल्याच दिवशी उघडली आणि सगळा वर्ग शेजारच्या नामदेवभाऊंच्या रिकाम्या प्लॉटमधे बकऱ्यांच्या मागे गेला. भाऊंनी तिथे चार वांगी लावली होती, ती गेली. फळा त्यांनी एवढा खाली लावला की रत्नाबाई मॅडम, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, वर्षभर कंबर धरून शिकवत होत्या. हात धुवायची बेसिनं पाहून तालुक्याहून आलेला अधिकारी विचारत होता, हे पाय धुवायला आहे का. मॅडम कपाळाला हात लावायच्या. "काका, मोठी माणसं पण राहतात या शाळेत!"

"मोठ्यायले वाकता येते," काका म्हणायचे. "लेकराले उंच होता येते काय?"

वांग्यांवरून नामदेवभाऊ भयंकर चिडले होते. काका रोज सकाळी त्यांच्या ओट्यापाशी जाऊन खाली बसायचे. बोलायचे काहीच नाहीत. भाऊ चहा पीत, पेपर वाचत, यांच्याकडे बघत नसत. एके सकाळी भाऊंनी आतल्या दिशेने ओरडून सांगितलं, "अवो, दोन कप करा. हा मानूस काई उठत नाई." तिथे ते भांडण मिटलं. हेही मी पुढच्या गोष्टीसाठी सांगतो आहे.

आता ती गोष्ट. शाळेला लागून पाळणाघर आहे. आजूबाजूच्या तांड्यांवरच्या आणि गावातल्या बाया सकाळी जीपने कामावर जातात. सोयाबीन सोंगायला, कापूस वेचायला. जाताना तान्ही-रांगती पोरं इथे सोडतात. दिवाळीनंतर कित्येक घरातली जोडपी ऊसतोडीला निघून जातात आणि पोरं आज्यांपाशी राहतात. मग आज्या त्यांना सोडतात. पाळणाघर चर्चचं असलं तरी पोरं सगळ्या गावाची होती, त्यामुळे त्याबद्दल वाकडं कोणी बोललं नाही. पण खोली एकच, जुनी, वर टिनं. पावसाळ्यात पोरांना कोरड्या कोपऱ्यात गोळा करून बसवायला लागायचं. म्हणून शाळेने ग्रामपंचायतीकडे अर्ज केला: दोन वर्ग वाढवायचे आणि पाळणाघराची नवी खोली बांधायची.

रीतीप्रमाणे आम्ही फळ्यावर नोटीस लावली, हरकती मागवल्या आणि जागा पाहायला गेलो. सरपंचताई, मी, दोन सदस्य आणि हरकत घेणारे नामदेवभाऊ.

काकांनी सगळ्यांना जुन्या खोलीत नेलं आणि म्हणाले, "बसा."

सरपंचताई कडक इस्त्रीच्या साडीत आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. मग त्या खाली बसल्या. "माझे गुडघे दुखतात," असं म्हणत नामदेवभाऊ दारातच उभे राहिले.

"काय दिसते, ताई?"

त्या खोलीला एक खिडकी होती. जुन्या काळी तिथे धान्य ठेवत असतील, पोती सरकवायला केलेली असावी. जमिनीपासून जेमतेम हातभर उंच, गज लावलेली. ताई म्हणाल्या, "भाऊचा प्लॉट दिसते. बकरी दिसते. रस्ता दिसते." मग थोडं थांबून, "जीप दिसते न जी. बाया उतरतात तिथली."

"बस," काका म्हणाले. "हेच. नवी खोली तुमी म्हनान तशी बांधू. फरशी तुमच्या पसंतीची, दार तुमच्या पसंतीचं, कडी पार छताले लावा. पन ही खिडकी अशीच पाह्यजे. याच बाजूले, इतकीच खाली. लेकराले खिडकी द्या अन् मंग द्या डबल बेल."

नकाशात ती होती. त्यांनीच ती आखून घेतली होती.

नामदेवभाऊंची हरकत त्याच खिडकीला होती. त्यांना त्या प्लॉटवर पुढेमागे दुकानाचे गाळे काढायचे होते. आज खिडकी आपल्या बाजूला उघडू दिली तर उद्या गाळे बांधताना हे म्हणतील आमचा उजेड अडला, अशी त्यांची भीती. ते दुष्ट नाहीत. त्यांच्या वडिलांनी शेजाऱ्याच्या एका झरोक्यापायी उभा जन्म कोर्टाच्या चकरा मारल्या होत्या. भाऊ लहानपणी डबा घेऊन त्यांच्याबरोबर जायचे. त्या घरात खिडकी हा शब्दच भांडणाचा.

पण हरकतीत अर्थ नव्हता. शाळेची स्वतःचीच मोकळी जागा मधे सुटत होती. मी हे भाऊंना बाहेर नेऊन समजावलं. ते शांतपणे म्हणाले, "तुमचं बरोबर असन, सचिवसाहेब. पन खिडकी राह्यली तं सभेत मंजुरी होऊ देत नाई मी. माझे सदस्य तुमाले माईत हायेत."

माहीत होते. मासिक सभा तोंडावर होती. मंजुरी लांबली असती तर पुढचा पावसाळा पोरांनी पुन्हा टिनाखाली काढला असता. मी स्वतःला सांगितलं की एका खिडकीपायी आख्खी इमारत अडवू नये. हे अगदीच खोटं नाही. पण खरं असं की मला भांडण नको होतं. सभा गोंधळात गेली असती, दोन्ही बाजू माझ्या दाराशी आल्या असत्या आणि जेवताना फोन वाजत राहिला असता. माझी सगळी नोकरी मी अशीच केली आहे. कोणाशी वाकडं नाही, म्हणून लोक मला चांगला सचिव म्हणतात.

मी काकांना खरं सांगू शकलो असतो. काका, भाऊ अडून बसलेत, काय करायचं? ते उठले असते आणि भाऊंच्या ओट्यापाशी जाऊन खाली बसले असते. कदाचित पुन्हा दोन कप चहा झाला असता. मी ती संधी त्यांना दिलीच नाही.

मी शाळेच्या ओट्यावर आलो आणि म्हणालो, "काका, ती खिडकी नियमात बसत नाही."

"कोनत्या?"

"लहान मुलांच्या खोलीला जमिनीलगत खिडकी ठेवता येत नाही. सुरक्षेचा नियम आहे. वर झरोका चालेल."

माणसाशी माणूस भांडतो, नियमाशी कोणी भांडत नाही. मला ते इतक्या वर्षांत चांगलं कळलं होतं.

काका माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "लिहून हाय?"

"हो."

"मंग झालं." त्यांनी नकाशा मागितला, रत्नाबाईंकडून पेन घेतलं आणि ती खिडकी स्वतःच्या हाताने खोडली. खोडताना ओठ हलत होते. "लेकरायच्या भल्यासाठीच केला असन नियम. शिकलेल्या मानसानं केला असन. द्या डबल बेल."

सभेत ठराव एकमताने मंजूर झाला. नामदेवभाऊंनीच टाळ्या सुरू केल्या. मी तालुक्याला कळवलं की हरकतीचं निराकरण झालं.

बांधकाम झालं. छान झालं. भिंतींना पिवळा रंग, त्यावर ससे आणि फुगे. प्लॉटच्या बाजूला सरळ भिंत आणि वर, माणसाच्या डोक्याइतका उंच, एक झरोका. उद्घाटनाला मला नारळ फोडायला लावला. तांड्यावरच्या बाया आल्या होत्या. त्यांतल्या एकीने काकांना विचारलं, "काका, ती खिडकी काहून नाई ठेवली? पोट्टे तिथं उभे राह्यत होते. जीपमदून उतरलं की हात दिसत."

"नियम हाय, माय," काका म्हणाले. "मी बी कुरकुरलो. पन सचिवसाहेबानं समजावून सांगतलं. लेकराच्या जिवाचा प्रश्न हाय. साहेब तसा उगाच कोनाले अडवत नाई. खूप धरमाचा मानूस हाय तो."

मी नारळाच्या पाण्याने ओले झालेले हात पुसत राहिलो.

मागून कळलं की रत्नाबाईंना शंका आली होती. असा नियम आहे का, तालुक्याला विचारून घेऊ म्हणाल्या. काका त्यांच्यावर रागावले. "सचिवसाहेबाच्या शब्दावर शंका घेता? मले बसमधून ओळखते तो मानूस. खिडकी सोडून उठला होता लेकरासाठी." मी उठलो होतो हे खरं. उठवलं होतं, हे ते विसरले होते.

त्यानंतर मी शाळेवरून जायचं टाळू लागलो. बाजाराला जाताना मागच्या गल्लीने जायचो. काका रस्त्यात भेटले तर घड्याळ बघायचो. पण इमारत पूर्ण झाल्याचा दाखला द्यायचा होता आणि त्यासाठी ती पुन्हा पाहायला हवी होती. मी ढकलत ढकलत दिवाळीच्या पुढे नेलं. मग एका संध्याकाळी गेलो. वाटलं होतं, या वेळी काका घरी असतील.

पाळणाघराचं दार उघडं होतं. आत पोरं खेळत होती. बाहेर रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला आणि सगळी खोली एकदम थांबली. मग सगळी पोरं धावली. चालता येणारी चालत, न येणारी रांगत. ती दाराकडे नाही धावली, भिंतीकडे धावली. आवाज तिकडून येत होता. भिंतीशी जाऊन, सशांवर आणि फुग्यांवर तळवे टेकून, ती वर पाहत उभी राहिली.

काका तिथेच होते. कमरेला दवाखान्यातला रुंद पट्टा बांधलेला. त्यांनी पहिल्या पोराला दोन्ही हातांनी उचललं, झरोक्यापर्यंत नेलं.

"पाह्य. दिसली? आली का तुझी माय? लाल लुगडं? हो? आता उतर राजा. आता त्याले खिडकी द्या."

दुसरं पोर. तिसरं. एक गुबगुबीत पोरगी होती, तिला उचलताना त्यांचा चेहरा पिळवटला. तिला दिसेपर्यंत त्यांनी खाली ठेवलं नाही. पोरांनाही सवय झाली होती. आपली पाळी येईतो ती त्यांच्या धोतराला धरून उभी होती, एसटीत दांडा धरावा तशी.

मी दारातून म्हणालो, "काका, स्टूल का नाही ठेवत?"

ते दचकले आणि मग त्यांना आनंद झाला. मला पाहून! "या सचिवसाहेब. स्टूल ठेवला होता. मंग वाटलं, चढलं अन् पडलं तं? खाली खिडकी चालत नाई, तं लेकरू वर चढवलेलं चालन काय? नियम कायले मोडा? माझे हात हायेत तवरोक ठीक हाय."

मी केलेला नियम तो माणूस असा पाळत होता. मी न केलेला भागसुद्धा.

बाया येऊन पोरं घेऊन गेल्या. एकच पोरगं राहिलं. त्याचे आईबाप ऊसतोडीला गेले होते आणि आजी दुसऱ्या जीपने यायची होती. काका त्याला घेऊन भिंतीला टेकून खाली बसले, पाय पसरून. मला म्हणाले, "बसा न जी."

मी खुर्ची शोधली नाही. आपणहून खाली बसलो, त्यांच्यासमोर. खालून ती खोली फार मोठी वाटत होती. झरोक्यातून आभाळाचा एक तुकडा दिसत होता आणि बाकी चारी बाजूंना भिंत.

"मी बी इथंच होतो," काका पोराच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले. "जुन्या खोलीत. माय कापसाच्या जिनिंगमदे कामाले जाये. मी खिडकीत बसून राहो. आदी तिचे पाय दिसत, मंग लुगडं, मंग ती वाकून हासे. एक दिवस नाई आली. दुखन्यानं गेली म्हनतात. मले कोनी सांगतलंच नाई. लहान हाय, काय कळते त्याले, असं वाटलं असन. मी आपला रोज खिडकीत. किती दिवस काय माईत."

"मग?"

"मंग काई नाई. मिशनमदे वाढलो. पन सांगतो तुमाले, खिडकी होती म्हून बरं. रस्ता दिसे. कोनीतरी जाये, येये. बकरी दिसे. ती नाई आली हे हळूहळू समजलं, एकदम नाई. नुसती भिंत असती तं लेकरू कोनाची वाट पाहीन, कसं पाहीन?" ते हसले. "जाऊ द्या. आता झाली बिल्डिंग. पानी तं गळत नाई. तुमी होते म्हून झाली."

हे शेवटचं वाक्य ते बोलले नसते तर कदाचित मी त्याही दिवशी दाखल्यावर सही करून घरी गेलो असतो.

"काका, तसा नियम नाही," मी म्हणालो.

"कोनता?"

"खिडकीचा. कुठे लिहिलेला नाही. नामदेवभाऊंना नको होती म्हणून मी तुम्हाला खोटं सांगितलं."

पोरगं काकांच्या पट्ट्याचा चिकटणारा भाग उघडत होतं, बंद करत होतं, चर्र, चर्र. ते रागावतील, मला जा म्हणतील, असं मला वाटत होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"मी बायायले सांगतलं जी," ते म्हणाले. "एकेकीले. मॅडमले बोललो मी. मी खोटा पडलो न त्यायच्यापुढं?"

"माझं चुकलं, काका. मी माफी मागायला—"

"मले कायले मांगता?" त्यांचा आवाज चढला नाही. "मी तं म्हातारा मानूस. मले का खिडकीत बसाचं हाय? ज्यायले सांगतलं त्यायले सांगा. रोज येतात त्या. तिथं, जीपपाशी."

तेवढ्यात हॉर्न वाजला. ते भिंतीला हात टेकून उठू लागले. मी हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. पोराला उचललं आणि झरोक्याशी नेलं. "पाह्य, आजी आली का?"

रात्री जेवताना मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग उद्या जाल न?"

सकाळी कार्यालयात गेल्यावर मी पुढच्या मासिक सभेच्या विषयांत तो विषय घातला: पाळणाघराच्या भिंतीत खिडकी काढणे. नामदेवभाऊंकडे जाऊन स्वतः सांगितलं. ते म्हणाले, विरोध करीन. मी म्हणालो, करा, पण या वेळी मी उभा राहून सांगेन की हरकतीत अर्थ नाही. त्यांनी चहा विचारला नाही. मी त्यांच्या ओट्यापाशी खाली बसलो तेव्हा "हे आता तुमी बी सुरू केलं काय?" असं म्हणत ते आत गेले. सभेत काय होईल ते मला माहीत नाही.

संध्याकाळी मी जीप थांबते तिथे जाऊन उभा राहिलो. जीप आली. बाया उतरू लागल्या. डोक्याला बांधलेली फडकी, हातात विळे, रिकामे डबे. सचिवसाहेब इथे का उभे, म्हणून त्या थबकल्या. कोणाचं तरी काही नोटिशीचं काम असेल असं त्यांना वाटलं असावं. मी घरून जे वाक्य जुळवून आणलं होतं ते कार्यालयातलं होतं, ते तोंडातून निघेना. मग माझ्या आईशी बोलायचो तसं बोललो.

"बायाहो, थांबा जराक. खिडकीचा नियम नव्हता. काकानं तुमाले जे सांगतलं ते मी त्यायले सांगतलं होतं. ते खरं बोलले. मी खोटं बोललो. भांडन टाळाले बोललो."

एक म्हातारी, त्याच काल राहिलेल्या पोराची आजी, म्हणाली, "आता सांगून काय होते, बापा?"

पण बाया उत्तरासाठी थांबल्याही नव्हत्या. त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. सगळ्या प्लॉटपलीकडच्या पिवळ्या भिंतीकडे पाहत होत्या. झरोक्यात एक तोंड आलं, हसलं, खाली गेलं. मग दुसरं आलं. एका बाईने डबा खाली ठेवून दोन्ही हात हलवले. मग तिसरं वर येताना जरा वेळ लागला. अर्ध्यावर थांबून, थरथरत वर आलं. आतून काकांचा दमलेला आवाज ऐकू आला, "पाह्य राजा, पाह्य. आता त्याले खिडकी द्या."

मी प्लॉटच्या कडेला जाऊन भिंतीपर्यंत पोचेल एवढ्या मोठ्याने पुन्हा म्हणालो, "माझं चुकलं. नियम नव्हता. मले माफ करा."